सेकंड शिफ्टवाल्यांना खुनी कोण ते सांगायचं नाही

मोबाईल बंद करा आणि पिशवीच्या तळाशी टाका. तुम्हाला जिथं नेतोय तिथं त्याला रेंज नाही, आणि चुकून कुणाला दिसला तर उगाच चौकशा होतील. मनगटावर एचएमटीचं घड्याळ असू द्या. शर्ट टेरिकॉटचा, वरच्या खिशात लोकलचा पास आणि एक शाईचे डाग पडलेलं पेन. ऐंशीचं दशक उतरणीला लागलंय. दिवस मावळायला आलाय, आणि पुण्याहून आलेली लोणावळा लोकल तुम्हाला चिंचवड स्टेशनवर सोडून आकुर्डीकडे निघून गेली आहे.

स्टेशनाबाहेर आधी सायकलींना वाट द्यावी लागेल. जनरल शिफ्ट सुटलीय. कॅरिअरला डब्याची पिशवी, पँटच्या पायाला क्लिप, अंगाला कूलंटचा वास. कंपन्यांच्या बसगाड्या वळणावळणावर माणसं उतरवतायत. गावाला महानगरपालिका होऊन फार वर्षं झाली नाहीत, 1982 ची गोष्ट ती, त्यामुळे महानगराच्या मधोमध अजून गोठे आहेत आणि म्हशींना हॉर्नचं काही वाटत नाही.

आता मान वर करा. कौलांवर, पत्र्यांवर, गच्च्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे आहेत, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, दक्षिणेकडे आहेत. तिकडे सिंहगड आहे. मुंबई दूरदर्शन 1972 च्या गांधी जयंतीला सुरू झालं, त्याच्या पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागलं. तानाजीच्या गडावर तेव्हापासून एक लोखंडी मनोरा पहारा देतोय. वारा सुटला की कुणीतरी पोरगं पत्र्यावर चढतं, खालून आवाज येतो, 'अजून थोडं! थोडं! बास, गेलं!' हा संवाद तुम्हाला आज रात्री दोनदा तरी ऐकायला मिळेल.

मोहननगरच्या अंगाला एका चाळीत शिरा. चपला बाहेर काढा आणि कुठं काढल्या ते नीट ध्यानात ठेवा, कारण निघताना तिथं आणखी वीसेक जोड असतील. खोली दहा बाय बाराची. तीत शटरचा टीव्ही, वर विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलदाणी. टीव्ही ब्लॅक अँड व्हाईटच, पण पडद्यापुढं रंगीत प्लॅस्टिकची काच लावलेली आहे: वर निळी, खाली हिरवी. त्यामुळे खून कुठेही झाला तरी प्रेत हिरवळीवर पडल्यासारखं दिसतं.

'या की भावजी, बसा. लई उशीर केलासा. आज एक शून्य शून्य हाय न्हवं.'

या वहिनी तासगावच्या. शेजारचे काका सोलापूरचे, दाराशी उभी असलेली दोन पोरं उदगीरची, पोटमाळ्याच्या शिडीवर बसलेला फिटर धुळ्याचा. एवढ्या जिल्ह्यांची माणसं एका भिंतीकडे तोंड करून गप्प बसलीत. गावाकडे हे लोक एकमेकांच्या भाषेची टिंगल करतील.

आणि मालिका सुरू होते.

'एक शून्य शून्य' आज कितीजणांनी पाहिलेली आहे, विचारा. पन्नाशीच्या पुढचा माणूस डोळे मिचकावतो आणि एकच नाव घेतो, शिवाजी साटम. तोपर्यंत साटम म्हणजे सेंट्रल बँकेत कॅशियरची नोकरी सांभाळून नाटक करणारे नट. दिग्दर्शक बी. पी. सिंग, आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून कॅमेरा शिकून बाहेर पडलेले. दीपक शिर्केही त्यात होते. मुंबई पोलिसांकडच्या तपासांवर बेतलेल्या गोष्टी, पोलिसांचा जो फोन नंबर तोच मालिकेचं नाव. पुढं 1998 मध्ये याच दिग्दर्शकानं याच नटाला घेऊन हिंदीत 'सीआयडी' काढली, ती वीस वर्षं चालली, एसीपी प्रद्युम्नची बोटं आणि दयानं फोडलेली दारं घराघरांत पोचली. त्या झगमगाटात मराठी थोरली बहीण मागं राहिली. 'मेरा साया' सगळ्यांना पाठ आणि तो ज्यावरून घेतला तो राजा परांजप्यांचा 1964 चा 'पाठलाग' फक्त जाणकारांना ठाऊक, तसंच हे झालं. मराठीनं पेरायचं आणि हिंदीनं मळणी करायची, हा आपला जुना करार आहे.

पण तुम्ही आत्ता खोलीत आहात, तेव्हा पडद्याकडे बघा. नाही, त्याआधी डावीकडे कोनाड्यात बघा. तिथं फोन नाही. या चाळीत कुणाकडेच नाही. फोनसाठी नंबर लावला तर तो पोरगं शाळेत जाताना लावायचा आणि पोराच्या लग्नाच्या सुमाराला मिळाला तर मिळाला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे काळा, जड, तबकडीचा फोन आहे. त्यावरून शंभर नंबर फिरवून बघा. एकच्या भोकात बोट घातलंत की लगेच आडकाठी येते, तबकडी किंचित फिरून परत येते. शून्यासाठी मात्र बोट पार टोकापर्यंत ओढत न्यावं लागतं, आणि सोडल्यावर तबकडी घर्रर्र करत सगळं अंतर मागं चालून येते. एका सेकंदाला दहा ठोके, शून्याचे ठोके दहा, म्हणजे परतीलाच पुरता एक सेकंद. त्यात अशी दोन शून्यं. दार ठोठावणारा चोर बाहेर उभा असताना हे दोन सेकंद किती मोठे होत असतील ते तुम्हीच ठरवा. लाईन लागलीच तर पुढं पोलीस, आणि पोलिसांकडे जीप असली तर जीप. एवढ्या सगळ्या फटींतून त्या काळच्या रहस्यकथांना हवा मिळायची. आज त्या फटी बुजल्यात.

मला या जुन्या गुन्हेमालिका का आवडतात याचं उत्तर लोक आयतंच हातात देतात: जुनं ते सोनं, बालपण, दूरदर्शनचं ते फिरत येणारं बोधचिन्ह. मला ते पटत नाही. त्या मालिकांचा प्रकाश वाईट असायचा, भिंती थरथरायच्या, मारामारीत हात गालापासून वीतभर लांब फिरायचा. ओढ दुसरीच आहे. त्या खोलीतल्या माणसाकडे आणि पडद्यावरच्या इन्स्पेक्टरकडे हत्यारं सारखीच होती. दोघांनाही दोन डोळे, दोन कान, आणि माणूस खोटं बोलताना कसा बोलतो याचा अनुभव. टॉवर लोकेशन नाही, कॉल रेकॉर्ड नाहीत, चौकाचौकात कॅमेरे नाहीत. इन्स्पेक्टरला जे दिसलं तेच तुम्हाला दिसलं. मग तो आधी ओळखतो की तुम्ही, एवढाच प्रश्न. आणि पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला या शर्यतीत आपण हरू असं एक क्षणही वाटत नव्हतं.

पटत नसेल तर समजा, पडद्यावर एका पेढीवाल्याचा खून झालाय आणि त्याचा भाचा इन्स्पेक्टरला सांगतोय की साहेब, मी तर रात्रपाळीला होतो, कंपनीत विचारा. मुंबईच्या दिवाणखान्यात हे वाक्य ऐकून लोक पुढच्या संशयिताकडे वळतील. इथं बघा काय होतं.

'कार्ड बघा म्हणावं,' सोलापूरचे काका.

'कार्डाचं काय घेऊन बसलात?' शिडीवरून धुळे. 'पंचिंग दुसऱ्यानं मारलं असंल. आमच्या खात्यात एक जण महिनाभर गावाला पेरणी करून आला, कार्ड रोज टायमाला पंच.'

'मग गेटवरचा वॉचमन?'

'वॉचमनला चहा पाजला की तो पन खूष.'

'आन् मशिन? मशिनवर माणूस नसला तर जॉब कुनी काढलं? काढलेलं मोजा की! रातीचं प्रॉडक्शन किती निघालं ते बघा म्हणावं, मग कळतंय भाचा हुता का न्हवता.'

हे शेवटचं वहिनींचं. टीव्हीवरच्या इन्स्पेक्टरला ते सुचलंय की नाही याची वाट बघत सगळी खोली पुढं सरकते. अशा वेळी लाईट जाते. जाणारच. मग अंधारात दहा मिनिटं जो तपास चालतो तो कुठल्याही लेखकाच्या बापाला जमला नसता.

हे लोक दिवसभर दुसरं काय करतात? पार्टमध्ये दोष आला की तो कुठं शिरला ते शोधतात. कास्टिंगला की ड्रिलला, पहिल्या पाळीला की दुसऱ्या, मशिन सरकलं की माणूस पेंगला. गो आणि नो-गो गेज हातात घेऊन एकेक नग त्यातून घालायचा. गो बाजू आत जायला हवी, नो-गो जाता कामा नये, दोन्ही कसोट्यांना उतरला तो नग निर्दोष. संशयितांचं तेच. इन्स्पेक्टर एकेकाला गेजमधून घालतोय आणि शिडीवरचा फिटर मनातल्या मनात रिजेक्शनचा ढीग वेगळा ठेवतोय.

लाईट आली की मालिका संपलेली असते.

घाबरू नका, तुमची रात्र फुकट जाणार नाही. उद्या दुपारी साडेतीनच्या आसपास एखाद्या कारखान्याच्या गेटवर या. पहिली पाळी सुटतेय, दुसरी आत शिरतेय, दोघांच्या मध्ये दहा मिनिटांची गर्दी. काल संध्याकाळी दुसऱ्या पाळीवर असलेल्यांनी मालिका बघितली नाही. त्यांना ती आता ऐकायचीय. सांगणारा ठरलेला असतो, प्रत्येक खात्यात असा एक असतो. तो पहिलं दृश्य असं सांगतो की प्रेताच्या हातातली अंगठी तुम्हाला दिसते. पण शेवटाशी आला की थांबतो. नियम आहे: सेकंडवाल्यांनी आधी नाव सांगायचं, मग हा उत्तर देणार. कुणी उतावळ्यानं मध्येच खुनी फोडला तर त्याला आठवडाभर चहा पाजावा लागतो.

पाळ्या दर आठवड्याला फिरतात. त्यामुळे एका माणसाच्या वाट्याला एखादा भाग डोळ्यांनी येतो, पुढचा कानांनी. अर्ध्या गावानं ती मालिका अशीच अर्धी बघितली आणि अर्धी ऐकली आहे. तिसऱ्या तोंडून येईस्तोवर इन्स्पेक्टरनं एक कानाखाली दिलेली असते जी मूळ भागात कधीच नव्हती. म्हणून आज कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की अमुक भागात तमुक झालं, तर मान हलवा, वाद घालू नका. त्यानं तो भाग आकुर्डीच्या गेटवर पाहिला असेल.

आणखी एक गोष्ट या गावातच घडू शकली. इथल्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारी. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहू नयेत, विजेचा भार वाटला जावा म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार दिलेले. त्यामुळे 1987-88 मध्ये रविवारी सकाळी साडेनऊला सगळा देश रामायणापुढं हात जोडून बसलेला असताना भोसरीतल्या कितीतरी शेडमध्ये लेथ फिरत होत्या. राम-रावण बायकापोरांनी बघितले. हप्त्याच्या मधल्या संध्याकाळी लागणारे मराठी कार्यक्रम मात्र कामगाराच्या हाताला लागायचे. त्याच्या वाट्याला देव कमी आले आणि पोलीस जास्त.

पोलीस म्हटल्यावर एक गाठ इथं सोडवायला हवी. 1989 च्या सप्टेंबरात या. कामगारनेते राजन नायर यांच्या मागं उभे राहिलेले टेल्को कारखान्याचे कामगार पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेत. महिना संपता संपता एका पहाटे पोलीस येतात आणि त्यांना उचलून गाड्यांत घालतात. त्या गर्दीतून परतलेला माणूस जेव्हा पुन्हा शटरच्या टीव्हीपुढं बसून सभ्य, थकलेला, पुरावा शोधणारा इन्स्पेक्टर बघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. तो हसत नाही, चिडतही नाही. 'असा बी एखादा असंल,' एवढं म्हणतो. 'एक शून्य शून्य' काय किंवा रमेश भाटकरांची 'हॅलो इन्स्पेक्टर' काय, त्यातला पोलीस कधी संपाच्या गेटवर उभा राहिला नाही, हे त्या मालिकांचं उणेपण आहे आणि ते झाकायचं कारण नाही. 1983 च्या 'अर्धसत्य'नं जे दाखवलं ते दाखवायची मुभा सरकारी वाहिनीवरच्या मालिकेला नव्हती, किंवा तिनं मागितली नाही.

गंमत म्हणजे खरी भीती या लोकांनी आधीच बघितली होती. 1976-77 चं पुणं आठवणाऱ्या कुणालाही विचारा. जोशी-अभ्यंकर खुनांच्या काळात अंधार पडला की रस्ते ओस पडत, ओळखीचा आवाज आल्याशिवाय कुणी कडी काढत नसे. मारेकरी कुणी परगावचे सराईत नव्हते, कलामहाविद्यालयात शिकणारी पोरं निघाली. चौघांना 1983 च्या नोव्हेंबरात येरवड्यात फाशी झाली. पुढं 1986 मध्ये राजदत्तांनी त्या प्रकरणावर 'माफीचा साक्षीदार' केला, नाना पाटेकरांना घेऊन. तो सिनेमा कुणाच्या आवडत्या दहात नसतो. पण त्यातलं थंडपण एकदा बघा. खुनाला कारण सापडत नाही, कारण सापडत नाही म्हणून झोप येत नाही. त्यानंतर टीव्हीवरचा सरळ, हेतू असलेला, पैशासाठी किंवा जमिनीसाठी केलेला खून म्हणजे जवळपास दिलासाच.

रात्री झोपायच्या आधी वाचनालयातून आणलेलं पुस्तक चाळा. बाबूराव अर्नाळकर किंवा गुरुनाथ नाईक, रोजच्या काही पैशांच्या भाड्यानं. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. शेवटचं पान बहुधा फाटलेलं असेल. कुणीतरी मुद्दामच फाडलेलं.

पुढची वर्षं भराभर ओलांडू. 1993 मध्ये बासू चॅटर्जींचा 'ब्योमकेश बक्शी' आला, रजित कपूर धोतर सावरत शांतपणे विचार करताना दिसला आणि आपल्या लोकांना बंगाली माणूस प्रथमच घरातला वाटला. त्याच्या मागोमाग 'तहकीकात'मध्ये विजय आनंद. मग केबल आली, अँटेना गंजले, काही कपडे वाळत घालायला उरले. टीव्ही घरोघरी झाला आणि खोलीतले जिल्हे आपापल्या फ्लॅटमध्ये गेले. जुन्या टेप कुठं गेल्या हा प्रश्न विचारायला तोवर कुणाला सवड नव्हती. या मालिका विस्मृतीत गेल्या त्या वाईट होत्या म्हणून नव्हे. 'करमचंद' या हिंदी मालिकेतलं गाजर लोकांच्या लक्षात राहिलं, साटमांचा मराठी इन्स्पेक्टर नाही, कारण गाजर पुन्हापुन्हा दाखवलं गेलं.

आता चाकणला उतरा. मोबाईल पिशवीतून काढायला हरकत नाही.

तुम्ही निघालात तेव्हा हे कांदा-बटाट्याच्या बाजाराचं आणि फिरंगोजी नरसाळ्यांच्या किल्ल्याचं गाव होतं. आता कंपनीच्या बसमध्ये बसून तळेगाव चौकाकडे बघताय आणि बस हलत नाहीये. 1999 मध्ये इथं बजाजचा कारखाना उभा राहिला, दहा वर्षांनी फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आले, आणि रस्त्यानं त्या सगळ्यांचं ओझं एकाच लेनवर घेतलं. 15 ऑगस्ट 2018 पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, चाकण त्याच्याच हद्दीत. नंबरही शंभर नाही, 112. तबकडी नाही, त्यामुळे परतीचा सेकंद नाही. गाडी कुठं उभी आहे ते कंट्रोल रूमला नकाशावर दिसतं.

शेजारच्या सीटवर आयटीआय करून लागलेला, निलंग्याचा पोरगा आहे. कानात इअरफोन, हातात मोबाईल, पडद्यावर एक महागडी गुन्हेमालिका. प्रकाश उत्तम, रक्त खरं वाटेल असं. त्याच्या खांद्याला हात लावा. तो दचकेल, एक इअरफोन काढेल.

'कुणी केलाय?' विचारा.

'काय की काका. दिसंल की सीसीटीव्हीत.'

'आणि कॅमेरा बंद असला तर?'

'मग लोकेशन काढतेत. सायबरवाले काढतेतच.'

त्याचं चुकत नाही. खऱ्या तपासातही तसंच होतं, आणि लवकर होतं, आणि बरंच आहे. पण त्याच्या पडद्यावरचा अधिकारी आता एका खोलीत उभा राहून दुसऱ्या पडद्याकडे बघतोय, पोरगा त्या अधिकाऱ्याकडे बघतोय, आणि कुणीच माणसाकडे बघत नाहीये. त्याला सांगा, थांबव जरा. पॉज कर. बस तशीही हलत नाहीये. समज, कॅमेरा नाही, मोबाईल नाही. नवरा म्हणतो मी नाईटला होतो. कसं तपासशील?

'कार्ड... नाही, आता कार्ड कुठंय, थोबाड दाखवावं लागतंय मशिनला.' तो हसतो.

'थोबाड दाखवून आत गेला. बाहेर?'

तो गप्प होतो. मागच्या सीटवरचा वेल्डर पुढं वाकतो. ड्रायव्हर आरशातून बघतो आणि म्हणतो, मटेरियल गेटनं निघाला असंल, तिथं गाडीचा पास बघतेत, माणसाचा कोण बघतंय.

'गाडीत बसून गेला असंल तर चलनावर ड्रायव्हरची सही असंल की,' निलंग्याचा पोरगा म्हणतो. आता दोन्ही इअरफोन त्याच्या मांडीवर आहेत. 'पण थांबा काका. शिफ्ट सुटायच्या आत परत यायला पायजे ना त्यानं. हा चौक पार करून? दोन तासांत? मग त्यानं नसंल केला.'

'टू व्हीलर असंल तर?' वेल्डर.

'पाऊस होता ना त्या रात्री. बायको म्हणतीय पाऊस होता. मग आल्यावर रेनकोट कुठं वाळत घातला त्यानं?'